पाचवा दगड

पहिल्या भागात आम्ही पाच होतो.
तुम्हाला ठाऊकच आहे, शाळेत त्याच्यावर प्रश्न येतो:
परत किती आले?
चार. बरोबर.
कारणे लिहा.

कारण संगमेशनं दार धरून ठेवलं.
निलंग्याचा, माझ्या खांद्याएवढा,
गणितात काठावर पास.
दार हातानं धरायचं नसतं, त्याला कळ असते,
हे माहीत असून दोन्ही हातांनी धरलं.
आम्ही निसटलो. तो भोवऱ्याच्या काठावर राहिला,
जिथं काळ काकवीसारखा ओघळतो,
तार धरतो,
तुटत नाही.

मग औंढ्याच्या माळावर
काटकोनात पसरलेल्या त्या दोन लांब कानांना
पहिल्या वर्षी ऐकू आला एक ‘ओ’.
वर्षभर, नुसता ‘ओ’.
यंत्रात दोष असेल म्हणाले. उघडलं, पुसलं, परत लावलं.
दुसऱ्या वर्षी ‘ल’.
तिसऱ्या वर्षी ‘गे’ सुरू झाला तेव्हा
मिस्बाह उदगीरहून रात्रीच्या बसनं आली,
चप्पलसुद्धा न काढता म्हणाली,
अगं, तो वेळाअमावस्या करलालाय!

तुमच्याकडं नसेल ही अमावस्या.
त्या दिवशी लातुरात चहा मिळत नाही,
अख्खं शहर रानात असतं.
कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड,
भज्जी, उंडे, बिंदग्यात गार आंबील,
आणि पिकाला फेरी घालताना ओरडायचं, ओलगे, ओलगे!
आम्ही सुटलो तो दिवस तोच होता.
आमच्या कुणाच्याच लक्षात नव्हतं.

चार वर्षं मी समजत होते, ती मदतीची हाक आहे.
झोपेतून उठून बसायचे.
ती हाक नव्हतीच.
आमचं यान सुटलेलं बघून
तो खुशीनं ओरडला होता.

हिशेब असा की त्याचा अजून एक श्वासही पुरा झालेला नाही.
तळहातावरचे दाराचे वळ ताजे आहेत.
तो पंधराचा आहे.
मी एकोणीसची.

दुसऱ्या भागात आम्ही चार.
प्रल्हाद आला नाही, दुकानाचं उद्घाटन आहे म्हणाला
आणि शटरकडं बघत राहिला.
मी काही बोलले नाही. भीती मलाही वाटते,
माझ्याकडं दुकान नाही इतकंच.
त्याच्या जागी त्याची धाकटी बहीण कावेरी,
पंधराची, नखं खाते, नकाशा तोंडपाठ.
चौथा विश्वंभर, जो पहिल्या खेपेलाही
बोलला नव्हता आणि आताही बोलत नाही.

किल्लारीच्या पलीकडच्या माळावरून उडायचं ठरलं.
यान उठताना भुई थरथरते,
म्हणून त्या बाजूच्या गावांत लोक आधीच अंगणात येऊन बसतात,
ज्यांनी तो भूकंप पाहिलाही नाही, तेही.
पत्रे वाजतात. कुणी तरी लहान पोरगं टाळ्या पिटतं.

निघायच्या आधी त्याच्या आईच्या रानात गेले.
कोपीत चार दगड पांढरे होते, पाचवा काळाच.
चुन्याची वाटी झाकून ठेवलेली.
दरवर्षी भिजवते म्हणाली, वाळला की पुन्हा भिजवते.
वाटी माझ्यापुढं केली.
यानात ओलं काही नेता येत नाही, नियम आहे.
मी करंगळीच्या नखाला लावून घेतला
आणि तिनं दिलेलं आंबील उभ्यानंच प्याले.

आता खिडकीबाहेर काहीच नाही.
कावेरी विचारते, भेटल्यावर पहिलं काय बोलायचं?
मला माहीत आहे, आधी तोच बोलेल.
मला वरपासून खालपर्यंत बघेल,
माझी उंची, माझा चष्मा,
आणि म्हणेल, आत्ता तर गेलतीस,
इसरलीस काय काही?

हातमोज्यात करंगळी चाचपते.
चुना वाळलाय, थोडा सुटलाय,
थोडा आहे.