मोकळी फळी

बर्स्लेमच्या उतारावर आमचा कारखाना.
कप आणि बशा, बाकी काही नाही.
गेटजवळ एक लाल सूचनापेटी होती,
तिची किल्ली कोणाकडे आहे
हे कित्येक वर्षं कोणी विचारलं नव्हतं.

मध्ये एकदा लंडनहून दोघं आले.
भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून घेतल्या आमच्याकडून,
चौकटीबाहेर विचार करा म्हणाले
आणि पाच चाळीसच्या गाडीनं परत गेले.
सोमवारपर्यंत चिठ्ठ्या गळून पडल्या.
भट्टीजवळ डिंक टिकत नाही.

मग मॉरीन टनिक्लिफ आली, व्यवस्थापक म्हणून.
भाषण केलं नाही.
भट्टीच्या गाडीवरची सगळ्यात वरची फळी
तिनं खडूनं खूण करून सोडली.
ही कोणाचीच नाही.
शुक्रवारी इथे काहीही ठेवा.
फुटलं तर माझ्या हिशेबात.

तीन शुक्रवार फळी रिकामीच भाजली.
पंगतीत पहिला घास कोण घेतो
तसे आम्ही एकमेकांकडे बघत.
हिशेबनीस कण्हायचा, गॅसचा भाव सांगायचा.
ती म्हणायची, भाजू दे.

चौथ्या शुक्रवारी विल्फ ब्लोरनं,
"ऑलराइट, डक" यापलीकडे कधी न बोललेल्या विल्फनं,
एक कप ठेवला. दोन कानांचा.
बायकोच्या बोटांत संधिवात, एवढंच म्हणाला.
सोमवारी दोन्ही कान गळून बुडाशी.
मॉरीननं तुकडे उचलले,
रस्त्याकडच्या खिडकीत मांडले, खाली तारीख लिहिली,
आणि विल्फला विचारलं, "आता काय?"

मी इतक्या नोकऱ्या केल्या,
मला नेहमी "असं का झालं?" एवढंच विचारलेलं.

मग मीही धजले.
मी इथली झिलईवाली, पावडरी तोलते, दशांशात जगते.
मला पातेल्याच्या बुडाशी उरते ना
दुधाची खरवड, तो रंग हवा होता.
पहिला घाणा काळा. दुसऱ्यावर फोड.
तिसऱ्याचं नावच नको.
खिडकी भरत चालली, येणारे-जाणारे थांबून बघत,
ही लाज अशी उघड्यावर का मांडलीय.

सातव्या खेपेला गाडी बाहेर आली
तेव्हा मी हातमोजे विसरून पुढे झाले.
कडेला सोनेरी, मधे तपकिरी,
नखानं खरवडून घ्यावासा.
नोंदवहीत इंग्रजी शब्द सुचेना,
"खरवड" लिहिलं, आपल्याच अक्षरांत.
विल्फ त्याला "करवाड" म्हणतो.
परवा लीड्सहून मागणी आली,
करवाड, बाराशे बशा.

गंजलेली सूचनापेटी शेवटी छिन्नीनं उघडली.
आत एकच चिठ्ठी, अठ्ठ्याण्णव सालची,
विल्फच्या अक्षरात:
वरच्या फळीवर रोज जागा उरते.

त्याच्या कपाचे कान अजून गळतात.
आज बाविसावा शुक्रवार.
गेल्या वेळी डावा टिकला होता.
बायको म्हणते, एकाच कानाचा दे मला, चालेल.
तो ऐकत नाही.