मोजणी

अशोक चौकात, टपरीच्या सरकत्या सावलीत
मला एक प्लास्टिकची खुर्ची दिलीय.
सकाळी सहा ते दुपारी दोन. दिवसाचे साडेचारशे.
शहराचा वाहतूक आराखडा होणार आहे,
त्यासाठी आधी शहर मोजायचं.

चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
दुचाकीच्या रकान्यात रेघा मावत नाहीत,
मी समासात शिरते, मग पानामागे.
टमटम : आत नऊ, बाहेर लोंबकळणारा एक.
फॉर्म म्हणतो, वाहन एक.
उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वर स्पीकर.
वाहन एक.
बस.
नाही, शाळेची आहे ती.

बसचा रकाना इतका कोरा
की तिथे मी चहाचा हिशेब मांडलाय.

दहा वाजता नरसम्मा गाजुल येतात,
काखेत विड्यांची पाटी, वर ओलं फडकं.
निघालात कुठून? घरकुलातून.
कुठे? कंपनीत.
कशाने? त्या पायांकडे बघतात, मग माझ्याकडे.
पायी असा रकानाच नाही. मी ‘इतर’वर खूण करते.
रिक्षा का नाही केली, हा प्रश्न फॉर्मात नाही,
तरी त्या उत्तर देतात :
‘वीस रुपये म्हणजे ऐंशी विड्या.
जाताना मी ऐंशी विड्या चालते.
येताना पानं असतात, तंबाखू असतो, मग बसते.’
आणि वाकून बघतात,
‘सगळं लिहायलालीस ना गं?’
अंतर किलोमीटरमध्ये लिहायचंय.
मी ऐंशी लिहून खोडते.

साडेअकराला कल्याणशेट्टी सर गाडीतून उतरतात,
काच खाली होते तेवढाच गारवा आम्हाला.
शाश्वत, म्हणतात. हरित, म्हणतात.
वाटायला स्टिकर देऊन जातात :
सायकल चालवा, शहर वाचवा.

पहिला सायकलवाला महिबूब नदाफ,
रात्रपाळी करून आलेला, भुवयांवर टॉवेलचं पांढरं तूस.
स्टिकर लांब धरून वाचतो.
‘बत्तीस वर्षं वाचवायलालोय की मी शहर.
गेल्या महिन्यात डंपरनं घासलं,
तेव्हा शहर कुठं होतं?’
मी म्हटलं, आराखड्यात सायकलला वेगळी पट्टी असेल.
‘किती रुंद?’
मला माहीत नव्हतं.
त्यानं हँडलची रुंदी वितीनं मोजून दाखवली,
‘एवढी तरी लिव.’
मग स्टिकर फाटक्या सीटवर नीट दाबून चिकटवलं,
वर बसला आणि गेला.

मार्चातच एकोणचाळीस.
दोनला रुमाल नाकावरून काढला की
त्यावर माझ्या श्वासाचे दोन काळे ठिपके.
हेही मोजमापच, पण कुणी मागितलेलं नाही.

मी स्वतः जुळे सोलापूरहून भावाच्या स्कूटीवर येते.
आठ दिवसांत हजारोंना विचारलं, कुठून, कुठे, कशाने.
मला कुणी विचारलं नाही.
नवव्या दिवशी स्कूटी घरीच ठेवली.
थांब्यावर पन्नास मिनिटं.
माझ्याबरोबर एक नर्स, दोन कॉलेजची पोरं
आणि डब्यासकट झोपलेला एक वॉचमन.
रिक्षावाले येत होते, हाका मारत होते,
पोरं गेली, मग नर्सही.
वॉचमन झोपेतच म्हणाला, ‘येते ती. येते पण.’

आली.
खिडकीची काच नव्हती, वारा होता.
शहर पहिल्यांदाच जरा उंचावरून बघितलं :
झाडांच्या कमरेपर्यंत, कुंपणांच्या आतपर्यंत,
आणि हातात ना ब्रेक, ना क्लच, ना पेन.
सात रस्त्याला खुर्चीवर विनया बोमड्याल बसली होती.
तिनं मान वर केली, बस बघितली,
रेघ ओढली.
त्या रेघेत मी होते, वॉचमन होता,
कंडक्टर धरून अकरा जण.
मी हात हलवला. तिचं लक्ष पुढच्या दुचाक्यांकडे.

पोचायला सव्वासात झाले.
सरांनी अर्धा दिवस कापला,
आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.
उशिराचं कारण, या रकान्यात
मी नीट अक्षरात लिहिलं :
बस.