कारणाचा रकाना

रात्रपाळी संपवून कोराडीहून निघते
तेव्हा केसांत कोळसा असतो, कानांत टर्बाइन.
झिंगाबाई टाकळीत पोचायला साडेआठ.
अंघोळ, चहा, कूलरच्या टाकीत पाणी.
नऊ पंधराला मी टक्क जागी.
गल्ली मला झोपलेली समजते.

प्लांटात माझ्या काचेपलीकडे
मिनिटाला तीन हजार फेरे घेणारं लोखंड आहे.
बेअरिंग हद्दीबाहेर थरथरलं की रिले पडतो,
दोनशे दहा मेगावॅट, शून्य.
तो विचारत नाही: मॅडम, थोडं थांबू का,
आपोआप शांत होईल कदाचित?
त्याला बायपास करायचं तर तीन सह्या लागतात,
आणि तिसरी ज्यांची, त्या लांजेवार साहेबांना
नेमकं तेव्हाच अर्धा तास पेन सापडत नाही.
(मुद्दाम सापडत नाही, हे मला फार उशिरा कळलं.)

घरी सही लागत नाही.
घरी एक अंगठा पुरतो.

त्या मंगळवारी चाळीस पॉइंटवर स्टॉप लॉस होता.
किंमत त्याच्याकडे पाहुण्यासारखी आली,
हळू, दारात चपला काढत.
मी स्टॉप लॉस खाली सरकवला.
मग पुन्हा.
तिसऱ्यांदा सरकवताना इतकं शांत वाटलं
की ती शांतता मी शहाणपण समजले.
साडेतीनला एकसष्ट हजार गेले होते.
पंचेचाळीस डिग्रीत हात गार पडतात,
मला माहीत नव्हतं.

रात्री ड्यूटीवर एक कोरं लॉगबुक मागून घेतलं.
तेच रकाने. वेळ. घटना. कारण. कोणी केलं.
११.४२. स्टॉप लॉस हलवला.
कारणाचा रकाना आमच्याकडे मोकळा सोडता येत नाही.
बातमी? नव्हती.
चार्ट? तो तर सकाळपासून खालीच बोट दाखवत होता.
शेवटी लिहिलं: वाटलं.
१२.१७. वाटलं.
१.०५. वाटलं.
आणि पुढे माझं नाव, तीनदा,
माझ्याच सुबक अक्षरात.

लांजेवार साहेबांनी मागून वाचलं.
शेअर बाजारातलं त्यांना ओ की ठो कळत नाही.
म्हणाले, "मशीनले भेव वाटत नाई न लालच सुटत नाई, मॅडम.
म्हनून तं ट्रिप तिच्या हाती देल्ली, आपल्या नाई."
आणि डबा उघडून पाटवडी पुढे केली.

तीन आठवडे मी काही घेतलं नाही.
नुसतं बघत बसले.
बघण्याचेही हात शिवशिवतात.

काल घेतलं. लहानसं.
दहा पन्नासला स्टॉप लॉस लागला, अठराशे चाळीस गेले,
आणि लागता क्षणी बाजार वळला,
माझ्या उतरण्यासाठीच थांबला होता जसा.
मी म्हटलं होतं तिथे गेला.
मी म्हटलं होतं त्याच्याही पुढे गेला.
खालून हेमराज ओरडला,
"काय चढून राह्यलं बाप्पा!"
अंगठा उठला.
घे परत, म्हणाला, आत्ता भरून निघेल सगळं.

फोन फ्रिजवर पालथा ठेवला.
कूलरची टाकी भरलेलीच होती, तरी बादली लावली.
नळाची धार बारीक.
दोन्ही हात बादलीच्या कडीत अडकवून उभी राहिले,
भरून वाहायला लागली तरी.

मग लिहिलं:
१०.५०. ट्रिप. कारण: ठरलं होतं.
लिहून बरं वाटलं, असं म्हणणार नाही.
पोटात जळत होतं. झोप चारच तास लागली,
त्यातही ती वर जाणारी रेघ.

रात्री पाळीवर तीन हजार फेरे, एकसारखे.
पहाटेपर्यंत काहीही घडलं नाही.
आमच्याकडे त्याचीही
दर तासाला नोंद करावी लागते.