पाळी

मोलिनोसच्या पुढे रस्ता संपतो,
नुसती चाकांची सवय उरते.
दोन्हीकडे निवडुंग, माणसाएवढाले:
कुणाचे हात वर, कुणाला एकच हात,
एकाला अजून फुटलेलाच नाही.
दोन पायऱ्या चढले तर छाती म्हणाली,
घाई कसली?

एउलोखिया चोकोबारचा मळा
म्हणजे अडीच एकर हिरवं.
बाकी डोंगरापर्यंत सगळं
भट्टीतून आत्ता काढलेल्या विटेचं.

पहिला घोट तिनं जमिनीला दिला,
मग मला.
वास गोड, चव अजिबात नाही.
बाई बोलते त्याच्या बरोबर उलट.

रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी
दार वाजलं.
"पाणी आलंय. येतेस?"

बारा दिवसांतून एकदा, चारपर्यंत.
आजोबांच्या वहीत अशीच लिहिलेली पाळी.
फावडं तिच्याकडे, कंदील माझ्याकडे.
पाट फोडला,
तर आधी नुसता आवाज,
मग काटक्या, फेस, एक मेलेला विंचू,
आणि मग पाणी,
वर कुठेतरी काल बर्फ होतं ते.

एका वेलीपाशी ती जरा रेंगाळली.
"ही आईची. हिला थोडं जास्त लागतं."
मी तिथे कंदील खाली धरला.

चारला सात मिनिटं असताना
बांधापलीकडे म्हातारा कोंदोरी खोकला.
तिनं ऐकलं.
फावडं काही हललं नाही.

चारला मात्र एका दमात पाट बुजवला,
आणि अंधाराकडे न बघताच म्हणाली,
"घे, नीकासिओ.
आज गार आहे."