हलवू नका

ह्वानासुंदच्या धक्क्यावर, होडीवाल्यांच्या खोलीत
रात्री अडीचला मार्युन अपडेट लावते
आणि पडद्यावर मानपान सुरू.
हा म्हणतो, मला तीन-शून्यच हवं,
तो म्हणतो, दोन-सातच्या पुढे पाऊल टाकणार नाही,
तिसऱ्याला दोघंही नकोत.
एकशे बेचाळीस पॅकेजं उंबऱ्याशी ताटकळलेली.

ती 'हो' दाबत नाही.
काय काय काढलं जाईल ती यादी
बोट लावून वाचते, उधारीची वही वाचावी तशी.
शेवटून चौथी ओळ: प्रवाहघंटा.

म्हणजे त्रोंदुर.
अकरा वर्षांपूर्वी त्याने एक लायब्ररी
जागच्या जागी रोखली,
वर टीप: हलवू नका. कारण मला विचारा.

विचारायचं कुणाला?
त्याचा रेनकोट अजून दारामागे आहे,
खिशात दोन वितळलेल्या गोळ्या.

ती त्याचा कोड उघडते.
दोनशे ओळी, मधेच मेंढ्यांचे भाव,
आणि एकच हाक, एका फंक्शनला,
ज्याचं नाव नव्या आवृत्तीत बदललंय.
बस, एवढंच.
अकरा वर्षं सगळी यंत्रणा
या एका जुन्या नावापाशी थांबलेली.

ती नाव बदलते. पुन्हा बांधते. रोख काढते.
पॅकेजं भराभरा आत येतात,
कुणी कुणाला विचारत नाही.

पावणेपाचला सामुद्रधुनीतलं पाणी फिरतं.
ती खिडकी उघडून उभी.
घंटा वाजते,
जरा उशिराच.

टीप ती पुसत नाही.
खाली लिहिते: हलवलं.
मग थोडं थांबून:
कारण मला विचारा.