कोणाच्या बापाची नाही

फाटकापाशी खांबावर एक लाकडी पेटी.
पत्र्याचं झाकण, दोऱ्याला बांधलेलं पेन्सिलीचं थोटुक.
कार्डावर नाव लिहायचं, गाडीचा नंबर,
आणि परतताना : काय दिसलं, काय मारलं.
शेवटच्या रकान्यात सहा वर्षं मी शून्य काढते आहे.
आता छान गोल येतं.

पापा म्हणायचे, ही जमीन कोणाच्या बापाची नाही,
म्हणजे तुझ्याच बापाची.
पलीकडे क्लबवाल्यांची कुंपणं, मक्याच्या राशी,
मचाणावर गादीची खुर्ची.
आमच्या वाट्याला लुईझियाना सरकारनं ठेवला
तो विकत घ्यायला कोणी न आलेला चिखल.

मी चौदाची होते, त्या नोव्हेंबरात त्यांनी नर पाडला,
गाडीपासून दोन मैल आत.
शिंगांना दोर लावून आम्ही त्याला ओढत आणला,
मांड्यांपर्यंत काळ्या पाण्यातून, सायप्रसच्या गुडघ्यांना ठेचकाळत.
पाण्यात हरीण हलकं होतं, जवळजवळ आमच्यासोबत येत होतं.
कोरड्यावर आलं की मेलेलं.
पापा दर शंभर पावलांना थांबायचे,
आभाळाकडे बघून म्हणायचे, काय हवा आहे, नोएली!
मीही बघायचे. हवा खरंच चांगली होती.
त्यांच्या छातीत दुखत होतं, हे मला
जानेवारीत डॉक्टरनं सांगितलं.

आता एप्रिल.
पापांची देवदारी पेटी माझ्या मांडीवर,
झाकणाला खडू घासलेला.
अंधार विरायच्या आत मी ती एकदा हळूच ओढली :
टर्कीची मादी, जरा घोगरी, घाई नसलेली.
पाल्मेट्टोच्या गचपणातून उत्तर आलं.
मादीच. असू दे, मादीमागून नर येतो.
मी विचारलं, तिनं सांगितलं.
मी रुसले, ती समजूत काढत आली.
तासभर आम्ही बोलत होतो,
डास माझ्या पापण्यांवर बसून ऐकत होते,
आणि मी हललेही नाही.

मग पानं बाजूला झाली.
काहीतरी पांढुरकं, त्याच्याखाली लालसर,
बरोबर नराच्या डोक्याएवढं.
बंदूक गुडघ्यावर होतीच. बोट आपोआप निघालं.
पापांचा नियम : दाढी दिसल्याशिवाय चापाला हात नाही.
छातीवर लोंबणारी काळी झुपकी, ती नराची खूण.

दाढी दिसली.
पिकलेली, कडेला तंबाखूनं पिवळी,
आणि दाढीच्या वर एक तोंड, बांबूची पिपाणी चोखणारं.
त्याची नळी माझ्याकडे होती.

कोण आधी ओरडलं आठवत नाही.
तो ओंडक्यावर बसला, मी चिखलातच.
ओविद फाँटेनो, पंच्याहत्तरीचा, गुडघे झाडांपेक्षा वाईट.
लाल रुमाल खिशात कोंबताना
त्याला खिसा सापडत नव्हता.
थर्मासचं टोपण त्यानं माझ्या हातात दिलं,
कॉफी दोघांच्याही बोटांवर सांडली.
पेटी छान बोलते, तो म्हणाला.
माझ्या वडिलांची.
त्यानं मान हलवली, आणखी काही विचारलं नाही.
तेवढ्यात पाण्यापलीकडून खरा नर एकदा गरजला
आणि जड पंखांनी
क्लबवाल्यांच्या कुंपणावरून निघून गेला.

तो माझ्याआधी परतला.
पेटीच्या फटीत त्याचं कार्ड अर्धवट अडकलं होतं.
काय दिसलं : टर्की मादी, एक. फार बोलकी.
मी गाडीच्या बॉनेटला टेकून हसले,
हसता हसता खाली बसले,
बराच वेळ उठता आलं नाही.

मग माझं कार्ड लिहिलं.
शेवटच्या रकान्यात शून्य.
या खेपेला ते गोल झालं नाही,
पेन्सिलीचं टोक त्यातच मोडलं.