सातवी ब चा पट

तीस सप्टेंबरची माहिती मागवलीय वरून, आजच्या आज.
पंख्याने कागद उडू नये म्हणून
त्यावर डस्टर ठेवलं,
तर "मुली सतरा"च्या शेजारी
पांढरा डाग पडला खडूचा.
मुलगे चौदा. तिथे डाग नाही.

कोकरी आगारजवळची महापालिकेची शाळा, तिसरा मजला.
खिडकीतून मिठागराचा एक तुकडा दिसतो,
दुपारी बघवत नाही इतका चकाकतो.

मातृभाषेचा रकाना.
शरणम्मा म्हणाली,
बाई, आई सांगते, झोपेत मी कन्नड बडबडते.
भांडण मराठीत.
दुकानात हिंदी.
लिहा ना काहीपण.
मी "इतर" लिहिलं.
खोडलं.
परत "इतर" लिहिलं.

मेहजबीन, वजन एकोणतीस किलो.
(दप्तरासकट तेहेतीस.)
पुन्हा काट्यावर उभी राहा म्हटलं, तर म्हणते,
जेवल्यावर तोला ना बाई, आज मटकी आहे.

पालकांचा व्यवसाय.
बिगारी. बिगारी. घरकाम. नाक्यावर उभे राहतात.
बिगारी. पप्पा नाहीत.
"पप्पा नाहीत" चालत नाही,
संगणक लाल होतो, पुढच्या पानावर जाऊ देत नाही.
म्हणून प्रसन्नकुमारच्या पप्पांना
गेली दोन वर्षं मी
स्वयंरोजगारात ठेवलंय.

आता गणित. पायाभूत चाचणी, वीसपैकी.
जुलैत वर्गाची सरासरी दहा पूर्णांक चार.
नव्या पटावर काढली, अकरा पूर्णांक तीन.
केंद्रप्रमुख वाघचौडे सर फोनवर खूश:
काय केलंत बाई? बाकीच्या शाळांनाही सांगा जरा.

काय केलं मी?
पेपर तेच, जुलैचे.
एकाही पोराने एकही नवीन गणित सोडवलेलं नाही.
ऑगस्टात पाइपलाइनलगतच्या झोपड्या पाडल्या,
लोकांना माहुलला खोल्या दिल्या,
आणि मी चार दाखले लिहिले, सुवाच्य अक्षरात.
तीन मार्कांचा, पाच मार्कांचा,
दोनचा आणि चारचा.
शाळा सोडण्याचे कारण : स्थलांतर.
वर्तणूक : चांगली.
एवढंच केलं.
बाकी भागाकाराने केलं.

मी पोरांना सांगत असते, भागाकार कुणाची बाजू घेत नाही.

पाच मार्कांचा तो भीमाशा कट्टीमनी.
गेल्या सोमवारपासून शेवटच्या बाकावर येऊन बसतो,
दोन बस बदलून,
पहिला तास संपता संपता.
तिकडच्या शाळेत नाव घातलं नाही का रे?
त्याने दप्तरातून साडीच्या दुकानाची पिशवी काढली,
पिशवीतून पुठ्ठा,
पुठ्ठ्यातून दाखला.
तुम्ही म्हणाला होता ना बाई, घडी घालू नको.
नाही घातली, बघा.

मी बघितलं. खरंच नव्हती.
त्याच्या आईच्या अंगठ्यापाशी
शाई जरा पसरली होती, तेवढंच.

मुख्याध्यापिका करंगुटकर बाई म्हणाल्या,
पटावर नाही तो मुलगा वर्गात कसा?
उद्या काही झालं तर?
बरोबर आहे त्यांचं.
खिचडीसुद्धा डोक्यांवर मोजून येते.
या आठवड्यात एक वाटी
कुणाकुणाच्या वाटीतून थोडी थोडी निघाली,
मला दिसली नाही असं मी धरून चालले.

आज हजेरी घेतली.
एकोणतीस. हजर.
तीस. हजर बाई.
एकतीस. हजर.
मी हजेरीपट मिटायला घेतला
आणि मागून कुणीतरी, बहुतेक शरणम्माच,
माझ्याच आवाजात म्हणाली:
बत्तीस.
वर्ग हसला. मग एकदम गप्प झाला.
हजर, तो म्हणाला. उभा राहून.

या फॉर्मात त्याच्यासाठी रकाना नाही.
त्याला धरून सरासरी काढली मी, मागच्या कोऱ्या पानावर,
अकरा पूर्णांक एक.
वाघचौडे सरांना फोन करायला हवा.
पण आधी हे डस्टर उचलते,
कागद उडाले तर उडू देत.
पाचवा तास गणिताचा आहे.